मतमोजणी पुन्हा केंद्रनिहाय कशी झाली

१९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचे नावच नव्हते. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, एक रुपयाच्या नोटेएवढा कागद मतदाराच्या हाती पडायचा. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचे चिन्ह. कागद ज्याच्या पेटीत, मत त्याला. त्यामुळे मोजणी सरळ होती: पेटी उघडा, कागद मोजा. घोळ व्हायचा तो मोजणीच्या आधीच. कागद फटीत न टाकता पेटीवर ठेवून गेलेल्यांची मते वाया जायची, आणि कोरा कागद खिशात घालून बाहेर नेता येत असल्याने तो विकताही यायचा. १९५७ मध्ये हीच पद्धत होती. १९६२ च्या लोकसभेला सगळी नावे आणि चिन्हे असलेली एकच मतपत्रिका आली, तिच्यासोबत फुलीचा शिक्का आला.

शिक्क्याने वाद मोजणीच्या टेबलावर आणून ठेवला. दोन नावांवर शिक्का, दोन नावांच्या मधल्या रेघेवर शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा, मागे केंद्राध्यक्षाची सही नाही, अशा मतपत्रिका संशयित म्हणून बाजूला निघायच्या. त्यांचा निकाल निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः द्यायचा. ओल्या शाईची पत्रिका दुमडली की दुसऱ्या नावावर ठसा उमटायचा. पण तो ठसा उलटा असायचा, त्यामुळे मूळ शिक्का कुठला ते सरावलेल्या डोळ्याला कळे. मतदाराचा कौल स्पष्ट दिसत असेल तर केवळ शिक्का पुसट आहे म्हणून मत बाद करायचे नाही, हे निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ५६ मध्येच लिहिलेले आहे.

मोजणी केंद्रनिहाय असली की कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले ते उघड होते. मग हरलेला किंवा जिंकलेला, दोघेही हिशेब चुकता करू शकतात. म्हणून १९७१ मध्ये वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळून मग मोजल्या गेल्या. दहशतीची भीती असेल तिथे निवडणूक आयोगाला असा आदेश देता यावा, यासाठी त्याच नियमांत ५९-अ ची तरतूद आहे. मोजणीच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोलाची सुधारणा वाटते, आणि इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र आल्यावर तीच हातची गेली.

यंत्र पहिल्यांदा वापरले ते मे १९८२ मध्ये, केरळमधल्या पारूर विधानसभा मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. तिथला निकाल १२३ मतांनी लागला. कायद्यात यंत्राची तरतूद नाही, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला सांगितले, आणि विजेता बदलला. डिसेंबर १९८८ मध्ये यंत्राला परवानगी देणारे कलम ६१-अ कायद्यात आले. १९९९ मध्ये लोकसभेचे ४५ मतदारसंघ आणि २००४ मध्ये सर्व ५४३ मतदारसंघ यंत्रावर गेले.

आता टेबलावर येते ते फक्त कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मते साठवणारा भाग. मोहोरा आणि त्यांचे क्रमांक उमेदवारांच्या प्रतिनिधींना जाळीपलीकडून दाखवायचे, हिरवी कागदी मोहोर भेदून ‘रिझल्ट’चे बटण दाबायचे. आधी एकूण मते दिसतात, मग एकेका उमेदवाराची, शेवटी नोटा. एकूण आकडा नमुना १७-सीच्या, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या, पहिल्या भागाशी जुळला पाहिजे. तो भाग केंद्राध्यक्षाने मतदान संपताच भरून प्रतिनिधींना दिलेला असतो. म्हणून ज्या प्रतिनिधीने त्या संध्याकाळी आपली प्रत घेतली नाही, त्याच्याजवळ मोजणीच्या दिवशी पडताळायला काहीच नसते. विधानसभा क्षेत्रागणिक साधारणपणे १४ टेबले असतात. क्षेत्रात ३०० केंद्रे असतील तर २२ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत निरीक्षक कोणतीही दोन यंत्रे निवडून त्यांचे आकडे पुन्हा तपासतो.

आकडा जुळत नाही याचे नेहमीचे कारण म्हणजे सकाळच्या अभिरूप (चाचणी) मतदानाची मते पुसायची राहून गेली. कधी मतदान बंद करणारे ‘क्लोज’चे बटण दाबायचे राहते आणि त्यामुळे ‘रिझल्ट’ निघत नाही, कधी पडदाच उजळत नाही. अशी यंत्रे बाजूला ठेवून मोजणी पुढे जाते. विजयाचे अंतर त्यांतल्या मतांपेक्षा कमी निघाले, तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्या मोजायची वेळ येते.

या चिठ्ठ्या २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीपासून आल्या. २०१९ पर्यंत क्षेत्रागणिक एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजत. त्या वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या पाच केली. केंद्रे सोडतीने ठरतात. बँकेतल्या रोखपालाच्या खिडकीसारख्या जाळीच्या कप्प्यात बसून एका वेळी एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायच्या असल्याने यात तासन्‌तास जातात. यंत्र आणि चिठ्ठी यांत फरक निघाला तर चिठ्ठीचा आकडा ग्राह्य धरतात.

यंत्राने बाद मतांचा प्रश्न मिटवला, पण प्रत्येक केंद्राचा कौल पुन्हा उघडा पडला. त्यावर उपाय म्हणून आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर सुचवला, म्हणजे बरीच यंत्रे एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवणारे उपकरण. २०१५ मध्ये विधी आयोगाने त्याला पाठिंबा दिला. नियमांत तो अजून आलेला नाही. गुप्तता हवी तर केंद्रनिहाय पडताळणी सोडावी लागते, हा पेच खरा आहे. पण छोट्या वाडीवरच्या मतदाराची भीतीही तितकीच खरी आहे.

कागद पूर्ण गेला असे मात्र नाही. टपाली मते सकाळी आठला आधी घ्यायची आणि अर्ध्या तासाने यंत्रे, असा क्रम आहे. बाहेरच्या पाकिटातले मतदाराचे १३-ए घोषणापत्र नसेल किंवा साक्षांकित नसेल, तर मतपत्रिका असलेले आतले १३-बी पाकीट उघडायचेच नाही. २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात याचे महत्त्व दिसले. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे एका मताचा फरक. टपाली मते कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० पडली. वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद टपाली मते १११ होती. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी पुन्हा तपासावीच लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक अट घातली: टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घ्यायची नाही.

सगळ्या फेऱ्या नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, उतरल्यावर निर्णय अधिकारी थोडा वेळ थांबतो. फेरमोजणीचा अर्ज लेखी, कारणासह, याच वेळात द्यायचा. त्या तक्त्यावर सही झाली की संधी गेली. मते समान पडली तर चिठ्ठी काढतात. मग नमुना २१-सी वर निकाल जाहीर होतो, विजेत्याला नमुना २२ चे प्रमाणपत्र मिळते, आणि पराभूताकडे उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायला ४५ दिवस उरतात.