विजयदुर्गाचे सूर्यग्रहण (१८९८)

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी जमिनीवर आला आणि देश व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेला. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती.

विजयदुर्ग किल्ल्यावर ब्रिटिश खगोलविद नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता. मदतीला ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते. त्यांच्याकडून दुर्बिणी व कॅमेरे हाताळण्याची रंगीत तालीम करून घेण्यात आली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे खगोलविद कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक होते. वऱ्हाडातील तळणीहून ब्रिटिश खगोलविद ॲनी माँडर यांनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा एक विलक्षण लांब किरण छायाचित्रात पकडला.

लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलविद पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथे सौरज्वालांच्या वर्णपटाचा वेध घेतला आणि त्यातल्या तेजस्वी रेषा ग्रहण सुटल्यावरही दिसतील हे ओळखले. त्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. तिथूनच त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहणाविना, सोडियमच्या जोडरेषांशेजारची वेगळी पिवळी रेषा (५८७.६ नॅनोमीटर) पाहिली. तीच हेलियमची रेषा. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांना १८९५ मध्ये मिळाला. म्हणजे लॉकियर विजयदुर्गी उतरले तेव्हा हेलियम बाटलीबंद झाला होता. तरीही किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

पुराणात अमृत चोरून पिणाऱ्या असुराचे मुंडके विष्णूने उडवले. तोच राहू चुगली करणाऱ्या सूर्य-चंद्रांना गिळतो. गळा तुटलेला असल्याने ते बाहेर येतात, ही कथेतली खरी गंमत. ज्योतिर्गणितात मात्र राहू-केतू हे चंद्रकक्षा व क्रांतिवृत्ताचे (सूर्याच्या भासमान मार्गाचे) छेदनबिंदू आहेत. अमावास्येचा चंद्र त्यांच्याजवळ असला तरच सूर्यग्रहण होते. पंचांगातल्या वेध, स्पर्श आणि मोक्षाच्या वेळा पाळणाऱ्या गावांत ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाळी परवापरवापर्यंत ऐकू येई.

नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहता येते ते फक्त खग्रास अवस्थेत. एरवी प्रमाणित ग्रहण-चष्मा किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच लागते. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म आणि परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, तिन्ही धोक्याची. डोळयातील पडदा भाजताना दुखत नाही. ग्रहण चालू असताना स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरली, तर प्रत्येक छिद्रातून जमिनीवर सूर्याची एकेक कोर उमटते. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रासच दिसणार असल्याने तेव्हा चष्मा क्षणभरही काढता येणार नाही.