भितरकनिका सहल: निघण्याआधी वाचावे असे काही

या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बोटफेऱ्यांच्या वेळा छापलेल्या नाहीत, याचे कारण ओहोटी. ओडिशात ब्राह्मणी आणि वैतरणी नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या या खारफुटीत पाणी उतरले की चिखलाचे काठ उघडे पडतात. निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि खेकडे वर येतात, त्यांच्यामागे तुतवार, कुरल, बगळे येतात, आणि ऊन खायला मगरी. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी कळेल.

ओहोटीत आपण रुंद पात्रातच फिरतो. अरुंद खाड्यांत शिरायचे ते चढत्या पाण्यावर. उतरत्या पाण्यात बोट रुतली तर भरतीची वाट पाहत काही तास बसावे लागते, आणि खाली उतरून ढकलणे तर अशक्यच.

१९७५ साली उद्यानातल्या डांगमळला मगर संवर्धन सुरू झाले. आज इथे खाऱ्या पाण्यातल्या सतराशेहून अधिक मगरी आहेत. काठावर मधोमध पोटाचा गुळगुळीत ओरखडा आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसले, चिखल अजून चमकत असला, तर मगर नुकतीच पाण्यात गेली आहे. जबडा उघडून पडलेली मगर चिडलेली नसते. अंगातली उष्णता कमी करत असते. तरीही हात बोटीबाहेर काढू नका.

पक्ष्यांत मान खंड्यांचा. आठ जाती इथे आहेत. त्यांतला तपकिरी पंखांचा खंड्या भारतात पूर्व किनाऱ्याच्या खारफुटीबाहेर क्वचितच दिसतो, म्हणून त्याच्यासाठी थांबू तेवढे थोडेच. पाण्यावर झुकलेल्या सावलीतल्या फांद्या तपासा. मोठी लाल चोच, नारिंगी डोके, गडद तपकिरी पंख. उडताना पाठीवर निळा पट्टा लखकन चमकतो. बलाकचोच खंड्याशी गल्लत होते, पण त्याचे पंख निळसर-हिरवे असतात. खारफुटीतला नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी हिवाळ्यात लाजराच असतो.

महिना कोणता निवडावा? मगरी आणि स्थलांतरित पक्षी पाहायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी. बागागहणची सारंगागार, म्हणजे मुग्धबलाक आणि बगळ्यांची वीण, पाहायची तर पावसाळ्याची अखेर. तेव्हा चिखल, डास आणि उकाडा सोसावा लागतो. मगरींच्या विणीमुळे १ मे ते ३१ जुलै उद्यान बंद असते.

दुर्बीण ८×४२ आणा. १० पटीची दुर्बीण हलत्या बोटीत जास्त थरथरते. तिपाई निरुपयोगी, कॅमेऱ्याचा शटर वेग १/१००० किंवा त्याहून जास्त ठेवा. चप्पल नको, जाड तळव्याचे बूट हवेत, कारण खारफुटीची श्वसनमुळे खिळ्यांसारखी वर आलेली असतात.

गहिरमाथाच्या किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले कासवे या सहलीत समाविष्ट नाहीत. तो किनारा संरक्षित आहे, आणि कासवे कोणत्या रात्री येतील हे आधी सांगता येत नाही.