‘लेहनिंजर’ नावाचा माणूस

गोव्यात बायोकेम, म्हणजे जीवरसायन शिकणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलाला विचारा, काय वाचतोस? तो पुस्तकाचं नाव सांगत नाही, ‘लेहनिंजर’ म्हणतो. मेडिकलची मुलं परीक्षेसाठी सत्यनारायण किंवा वासुदेवन यांची पुस्तकं धरतात, पण एखादी गोष्ट मुळातून कळेनाशी झाली की त्यांच्यातलीही काही जणं याच जाड पुस्तकाकडे वळतात. फोंड्यात इतकी वर्षं शिकवताना मला जाणवलं, की ते एका हाडामांसाच्या प्राध्यापकाचं आडनाव आहे हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. म्हणून हे थोडं मागचं.

अल्बर्ट लेस्टर लेहनिंजर यांचा जन्म १९१७ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला झाला. १९३९ मध्ये वेस्लियन विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती इंग्रजी साहित्यात. मला त्यांच्या चरित्रातली ही सगळ्यात मोलाची नोंद वाटते. तिथून ते रसायनाकडे वळले आणि १९४२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय होता यकृतात मेदाम्लं (फॅटी ॲसिड) कशी जळतात हा.

पुढे शिकागोत हाच प्रश्न त्यांना मोठ्या शोधापाशी घेऊन गेला. अन्न जाळून मिळालेली ऊर्जा पेशी एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात साठवते हे तोवर माहीत होतं. क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्न जाळणाऱ्या रासायनिक विक्रियांचा फेरा, तोही १९३७ पासून ठाऊक होता. पण पेशीत हे नेमकं कुठं घडतं? यकृत वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वजनाप्रमाणे एकेक थर तळाशी बसतो, आधी केंद्रकं, मग वेग वाढवला की मायटोकॉन्ड्रिया नावाचे पेशीतले बारीक कण. अडचण अशी की मिठाच्या द्रावणात मायटोकॉन्ड्रिया बिघडत, एकमेकांना चिकटत. १९४८ मध्ये होगबूम, श्नायडर आणि पॅलाडे यांनी मिठाऐवजी साखरेचं घट्ट द्रावण वापरलं आणि ते अखंड हाती येऊ लागले. लेहनिंजर आणि त्यांचे विद्यार्थी यूजीन केनेडी यांनी ही रीत लगेच उचलली. उंदराच्या यकृतातून मिळालेल्या त्या गाळात मेदाम्लं घातली, तर ती जळू लागली. क्रेब्ज चक्र तिथंच फिरत होतं, एटीपीही तिथंच तयार होत होतं. ‘पेशीचं वीजघर’ हे आज दहावीचं पोरही तोंडपाठ म्हणतं, त्याचं मूळ १९४८–४९ च्या या कामात आहे. नोबेल त्यांना मिळालं नाही, केनेडींनाही नाही.

१९५२ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्सला विभागप्रमुख म्हणून गेले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. आधी मायटोकॉन्ड्रियावर, मग जैव ऊर्जेवर छोटी पुस्तकं झाली. १९७० मध्ये ‘बायोकेमिस्ट्री’ आलं, १९८२ मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ बायोकेमिस्ट्री’. साहित्याचा अभ्यास इथं कामी आला असं मी ठामपणे म्हणेन. विक्रियांची रांग लावण्याआधी ती विक्रिया पेशीला हवी कशाला, हे हा माणूस सांगतो. वाक्य लांबलं तरी कर्ता हरवत नाही.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं ठरलं, त्यासाठी गोव्याचं शिक्षण बघावं लागेल. पणजीची ‘एस्कोला मेडिका’ १८४२ ची, म्हणजे आशियातल्या जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक, पण तिथली भाषा पोर्तुगीज. मायटोकॉन्ड्रियाचं काम उलगडलं तेव्हाही इथं वैद्यक शिकायचं तर पोर्तुगीजच लागत होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं, १९६३ मध्ये एस्कोलाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. पाटी बदलली तशी वर्गातली भाषाही इंग्रजी झाली. त्यात गावागावांत मराठी शाळा फोफावल्या आणि त्यांतून निघालेली मुलं अकरावीत एकदम इंग्रजी सायन्सला येऊन पडली. मीही त्यांतलाच. शब्द अडत होते, डोकं नव्हे. अशा मुलाला सरळ, स्वच्छ इंग्रजी लिहिणारा लेखक भेटणं हा मोठा आधार असतो.

माझ्यासाठी ते पान ग्लायकोलिसिसचं, म्हणजे पेशी साखर कशी मोडते त्याचं होतं. आमच्याकडे एप्रिलात काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस पिंपात ठेवतात. यीस्ट कुणी घालत नाही, ते फळाबरोबरच येतं. दुसऱ्या दिवशी कान लावला तर आतून बारीक सरसर ऐकू येते. साखर मोडून बनलेल्या पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटून खाली अल्कोहोल उरतं, हे वाचलं तेव्हा ती सरसर मला पहिल्यांदा समजली. बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट चिरडून, जिवंत पेशीशिवाय साखर आंबवली आणि जीवरसायनाचा पाया घातला, तोही याच विक्रियेवर. वर्गात मी आजही हा धडा बोंडूच्या रसापासूनच सुरू करतो.

गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी लेहनिंजर गेले. डेव्हिड नेल्सन आणि मायकेल कॉक्स यांनी पुस्तक नव्यानं लिहून १९९३ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, २००० पासून तर ‘लेहनिंजर’ हे नावच मुखपृष्ठावरच्या शीर्षकात गेलं. २०२१ च्या आठव्या आवृत्तीत त्यांना ॲरन हॉस्किन्स येऊन मिळाले. माझ्याकडची प्रत त्याहून बरीच जुनी, कुणाकडून तरी सेकंडहँड आलेली. एटीपीच्या आकृतीशेजारी आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं देवनागरीत दोनच शब्द लिहून ठेवलेत: ‘सुटे पैसे’.