फाइल हवी की पॅकेज? आरपीएम आणि डेबच्या जुन्या मतभेदाची पार्श्वभूमी

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं; फेडोरा, रेड हॅट, सुसे यांचं पॅकेज आरपीएम, तर डेबियन आणि उबुंटूचं डेब. फेडोराची स्पेक फाइल, म्हणजे आरपीएम कसं बनवायचं ते सांगणारी फाइल, घेऊन त्याच सॉफ्टवेअरचं डेब पॅकेज बनवायला बसलं की बहुतेकांची पहिली अडचण रिक्वायर्सच्या, म्हणजे हे चालायला काय लागतं ते सांगणाऱ्या, ओळीतच येते. तिथं पॅकेजचं नाव नसतं, सरळ /यूएसआर/बिन/पर्ल असा पाथ, म्हणजे फाइलचा डिस्कवरचा पत्ता, लिहिलेला असतो. हाच पाथ डेबियनच्या कंट्रोल फाइलमधे डिपेंड्सपुढं टाकला तर डीपीकेजी, म्हणजे डेब हाताळणारं टूल, तिथंच एरर देतं, कारण त्याच्या लेखी डिपेंडन्सी (पॅकेजला चालायला लागणारी दुसरी गोष्ट) म्हणजे पॅकेजचं नाव आणि नावात स्लॅश चालत नाही. मग लोक विचारतात की डेबमधे हे फीचर अजून का आलं नाही. ते राहून गेलेलं नाही, मुद्दाम घेतलेलं नाही, आणि का ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

डेबियन प्रोजेक्ट इयन मर्डॉकनं १९९३ मधे सुरू केला. डीपीकेजी आधी स्क्रिप्ट होती, मग इयन जॅक्सननं ती सी मधे नीट लिहिली. रेड हॅटकडं मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम बनवलं, पहिलं पर्लमधे आणि १९९५ च्या सुमारास सी मधे. दोघांपुढचा प्रश्न एकच, की हे पॅकेज चालायला आणखी काय लागतं ते कसं सांगायचं. डेबियननं ठरवलं की पॅकेजचं नाव सांगा. आरपीएम म्हणालं नाव सांगा, नाहीतर एखादं कॅपॅबिलिटीचं, म्हणजे पॅकेज पुरवतं त्या सोयीचं, नाव सांगा, नाहीतर फाइलचा पाथ सांगा, ज्या कुठल्या पॅकेजमधे ती फाइल असेल ते मी शोधतो.

हा सैलपणा रेड हॅटला का परवडला? मला वाटतं मुख्य कारण ऑटोमॅटिक डिपेंडन्सी. आरपीएम बिल्ड करताना एक स्क्रिप्ट सगळ्या फाइल्स चाळते, बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्रॅम) असेल तर कुठल्या शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइल्स, लागतात ते बघते आणि स्क्रिप्ट असेल तर पहिल्या ओळीतला शेबँग, म्हणजे ती कुठल्या प्रोग्रॅमनं चालवायची त्याचा पाथ, वाचून तो पाथ जसाच्या तसा रिक्वायर्समधे टाकते. पर्लचं पॅकेज काय नावाचं आहे, त्याचे तुकडे झालेत का, दुसऱ्या डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात, त्याला काय म्हणतात, हे काहीच माहीत असायची गरज नाही. आणि तेव्हा आरपीएम वापरणाऱ्या डिस्ट्रो पण बऱ्याच होत्या, रेड हॅट, सुसे, मँड्रेक, कोनेक्टिव्हा, प्रत्येकाची पॅकेजांची नावं वेगळी. एकाच वेब सर्व्हरला एके ठिकाणी एचटीटीपीडी तर दुसरीकडं अपाची२. पण /बिन/एसएच, म्हणजे कमांड चालवणारा शेल, सगळीकडं /बिन/एसएचच. घरात कोण राहतं याच्याशी देणंघेणं नाही, पत्ता बरोबर असला की झालं, असा तो हिशेब.

डेबियनला याची गरजच पडली नाही कारण त्यांचं एकच मोठं अर्काइव्ह, म्हणजे पॅकेजांचा साठा, आणि सगळ्यांवर एकच पॉलिसी. कुठल्या पॅकेजला काय म्हणायचं ते ठरलेलं. त्यात इसेन्शियल नावाची कल्पना, म्हणजे काही पॅकेजेस प्रत्येक सिस्टिमवर असणारच, त्यांच्यावर डिपेंडन्सी लिहायची पण नाही, त्यामुळं शेल स्क्रिप्ट असली तरी डिपेंड्समधे काही येत नाही. पर्ल-बेस पण त्यातच. एकच काम करणारी अनेक पॅकेजेस असतील तिथं व्हर्च्युअल पॅकेज, म्हणजे नुसतं सामाईक नाव: मेल पाठवायला एक्झिम असो, पोस्टफिक्स असो, सगळे मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट हे नाव प्रोव्हाइड करतात. आणि लायब्ररींसाठी डीपीकेजी-एसएचलिबडेप्स, जे बिल्डच्या वेळीच लायब्ररीवरून पॅकेजचं नाव काढून लिहून ठेवतं. म्हणजे फाइल ते पॅकेज हा शोध डेबियनमधेही होतोच, फक्त तो पॅकेज बनवणाऱ्याच्या मशीनवर होतो. आरपीएममधे तो इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवर होतो, आणि सगळा फरक तिथंच पडतो.

डेबियनकडं आणखी एक अडचण होती जी लोक विसरतात. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज, म्हणजे एकाच कमांडसाठी अनेक प्रोग्रॅमांतून एक निवडायची सोय. डेबियनवर डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/ऑक असं विचारून बघा, उत्तर येतं की ही फाइल कुठल्याच पॅकेजची नाही. ती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडं नेणारी नोंद, इन्स्टॉलच्या वेळी स्क्रिप्टनं बनवलेली असते, मॉक किंवा गॉककडं बोट दाखवणारी, पॅकेजच्या फाइल यादीत ती नसतेच. मग पाथवर डिपेंडन्सी ठेवली तरी ती सोडवणार कशी? रेड हॅटनं पुढं अल्टरनेटिव्ह्जची कल्पना उचलली तेव्हा त्यांच्याकडं घोस्ट फाइल्स होत्या, पॅकेजमधे फाइल नाही पण यादीत नाव आहे, त्यामुळं पाथ सापडतो.

आता आरपीएमवाल्यांचं दुखणं. एका मशीनवर, जिथं आरपीएमचा डेटाबेस आहे, तिथं फाइल शोधणं सोपं. पण जी पॅकेजेस अजून इन्स्टॉलच नाहीत त्यांच्यात काय आहे हे कसं कळणार? नव्वदच्या दशकात उत्तर होतं की कळत नाही, तुम्हीच शोधा. आरपीएमफाइंड डॉट नेट वर जाऊन फाइलचं नाव टाकायचं, डझनभर डिस्ट्रोंची पॅकेजेस समोर यायची, त्यातलं एक उतरवायचं, ते आणखी दोन मागायचं. आपल्याकडं तेव्हा अनेकांचं लिनक्स मासिकासोबत आलेल्या सीडीवरून सुरू झालं, पीसीक्वेस्टची रेड हॅटवर आधारित सीडी पुष्कळांना आठवत असेल, आणि डायलअपवर हे शोधकाम करणं म्हणजे शिक्षाच. डिपेंडन्सी हेल हा शब्द आरपीएमला चिकटला तो याच काळात, जरी खरा दोष फॉरमॅटचा नसून वरती डेबियनच्या एपीटीसारखं, पॅकेज आणि त्याच्या डिपेंडन्सी आपोआप उतरवणारं टूल नसण्याचा होता.

ते टूल आणायचा एक प्रयत्न ब्राझीलच्या कोनेक्टिव्हानं केला, एपीटी आरपीएमवर चालवून. पण एपीटीला पाथ ही भानगड माहीतच नव्हती. दुसरीकडून यलो डॉग लिनक्सच्या यप या टूलवरून ड्यूक युनिव्हर्सिटीत यम हे तसंच टूल तयार झालं. सुरुवातीचं यम प्रत्येक पॅकेजचा अख्खा हेडर (पॅकेजच्या माहितीचा भाग) उतरवून घ्यायचं, त्यात फाइल्सची पूर्ण यादी असायची, म्हणजे पाथ सापडायचा पण वेळ किती जायचा ते विचारू नका.

मग रेपोतल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या साठ्यातल्या, पॅकेजांच्या माहितीचा मेटाडेटा बनवणारं क्रिएटरेपो आलं, फेडोरा कोअर ३ पासून यम त्याचाच मेटाडेटा वापरू लागलं, आणि यात झालेली एक तडजोड मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते. मेटाडेटाचे तुकडे केले: प्रायमरी, फाइललिस्ट्स आणि अदर. फाइललिस्ट्समधे सगळ्या फाइल्स, म्हणून ती अवाढव्य. प्रायमरी छोटी हवी, ती प्रत्येकाला उतरवावीच लागते. मग प्रायमरीत कुठले पाथ ठेवायचे? ज्याच्यात बिन/ येतं ते सगळे, /ईटीसी/ खालचे सगळे, आणि एक एकटी फाइल: /यूएसआर/लिब/सेंडमेल. बस. युनिक्सच्या जुन्या सवयीमुळं सेंडमेलची बायनरी लिबमधे शोधणारे प्रोग्रॅम होते, त्यांच्यासाठी हा एक पाथ कोडमधे कायमचा कोरला गेला, आणि वर्षानुवर्षं जगभरातल्या रेपोंच्या मेटाडेटात हा नियम फिरत राहिला. डेबियनमधे ज्या कामाला व्हर्च्युअल पॅकेज होतं त्याच कामाला इथं रेग्युलर एक्स्प्रेशनमधली, म्हणजे मजकूर जुळवायच्या नमुन्यातली, एक ओळ.

यातून फेडोराच्या पॅकेजिंग गाइडलाइन्समधे नियम आला की बिन, एसबिन आणि ईटीसी सोडून दुसऱ्या पाथवर डिपेंडन्सी ठेवू नका. कारण कुणी एकानं /यूएसआर/शेअर खालच्या एखाद्या फॉन्टचा पाथ मागितला की ते सोडवायला वापरणाऱ्याला पूर्ण फाइललिस्ट्स उतरवाव्या लागायच्या. सुसेनं ओपनसुसे ११.० ला, २००८ मधे, मायकेल श्रोडरचा सॅट सॉल्व्हर, म्हणजे कुठली पॅकेजेस लागतील ते ठरवणारा कोड, आणला, पुढं लिबसॉल्व्ह म्हणून यमच्या जागी आलेल्या डीएनएफनंही तोच घेतला, सॉल्व्हर कितीतरी वेगवान झाला. पण आधी सगळ्या पॅकेजांतले मागितलेले पाथ गोळा करायचे आणि ते कोणाकडं आहेत ते शोधायचं, ही पायरी तिथंही वेगळी करावीच लागते.

पाथचा दुसरा दोष म्हणजे त्याला व्हर्जन नसतं. पर्लचं व्हर्जन अमुक किंवा वरचं हवं असं पाथला जोडून सांगता येत नाही. आणि पाथ तोच राहून आतला माल बदलू शकतो, उबुंटूनं ६.१० मधे /बिन/एसएच बॅश या शेलवरून डॅश या शेलवर नेलं तेव्हा बॅशच्या सवयीनं लिहिलेल्या किती स्क्रिप्ट्स मोडल्या.

खरी परीक्षा मात्र पाथच हलले तेव्हा झाली. फेडोरा १७ मधे, २०१२ ला, /बिन ही /यूएसआर/बिन कडं जाणारी सिमलिंक झाली. डिस्कवर दोन्ही पाथ चालतात, पण सॉल्व्हरला सिमलिंक कळत नाही, त्याच्यासाठी या दोन वेगळ्या स्ट्रिंग. म्हणून कॅटसारख्या मूळ कमांड देणाऱ्या कोअरयुटिल्सच्या स्पेकमधे प्रोव्हाइड्स: /बिन/कॅट वगैरे हातानं लिहिलेली लांबच लांब यादी आली, आणि बॅशमधे /बिन/एसएच. फेडोरा ४२ मधे एसबिन पण बिनमधे विलीन झालं तेव्हा हाच खेळ पुन्हा.

गंमत म्हणजे डेबियन, ज्यांनी पाथ डिपेंडन्सी कधी घेतलीच नाही, त्यांना हेच विलीनीकरण जास्त जड गेलं. डीपीकेजी फाइल कुणाची हे पाथवरून लक्षात ठेवतं. एखादी फाइल /बिन मधून /यूएसआर/बिन मधे गेली आणि त्याच वेळी एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली तर डीपीकेजी जुनी म्हणून जी काढतं ती खरं तर नवीच असते, आणि फाइल गायब. टेक्निकल कमिटीपर्यंत वाद गेले, पॅकेजांतल्या फाइल्स हलवायला मनाई लागू झाली, मग डेप१७ नावाच्या आराखड्यानं एकेक पॅकेज सांभाळून हलवलं आणि डेबियन १३ ला, २०२५ मधे, ते काम उरकलं.

बाकीच्यांनी मधला रस्ता धरला. अल्पाइन या डिस्ट्रोचं पॅकेज टूल एपीके बिल्डच्या वेळी कमांडला सीएमडी: आणि लायब्ररीला एसओ: असं लेबल लावून प्रोव्हाइड्स बनवतं, म्हणजे शोध फाइलवरून पण शेवटी उरतं ते नाव. अनेक कमांड एकत्र देणाऱ्या बिझीबॉक्सकडून /बिन/एसएच प्रोव्हाइड होतं तेही तिथं निव्वळ एक नाव. आर्च या डिस्ट्रोनं नावंच ठेवली आणि आपल्या पॅकमन या टूलला -एफ देऊन फाइल शोधायची सोय वेगळी दिली, डेबियनच्या एपीटी-फाइलसारखी. निक्सनं तर ठरलेले पाथच मोडीत काढले, सगळं हॅशसकट निक्स स्टोअरमधे, तरी निक्सओएसला /बिन/एसएच आणि /यूएसआर/बिन/ईएनव्ही ठेवावेच लागले. आणि एलियन या टूलनं आरपीएमचं डेब करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पॅकेज तयार होतं पण आरपीएममधल्या डिपेंडन्सी डेबच्या नावांत बदलून मिळत नाहीत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतात.

फेडोरा ४० पासून डीएनएफ फाइललिस्ट्स डीफॉल्टनं उतरवतच नाही. कमांडमधे तुम्ही स्वतः पाथ दिला तर उतरवतं. म्हणजे एखाद्या थर्ड पार्टी रेपोतल्या पॅकेजनं /यूएसआर/शेअर किंवा /यूएसआर/लिब६४ खालचा पाथ मागितला तर कालपर्यंत चालणारं इन्स्टॉल आता फाइल मिळत नाही म्हणून थांबतं. वापरणाऱ्यानं ऑप्शनल मेटाडेटा टाइप्समधे फाइललिस्ट्स चालू केलं की काम होतं, पण पॅकेज तुमचं असेल तर तो पाथ काढून तिथं पॅकेजचं नाव लिहा. /यूएसआर/बिन/पर्ल तसंच राहू द्या, ते प्रायमरीत आहे.