धरण एकीकडे, वीजगृह दुसरीकडे: अबखाझियातल्या विजेची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये अबखाझियात, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियातून फुटून निघालेल्या प्रदेशात, दिवसाला वीज मिळत होती २ तास ३८ मिनिटं. चोवीस तासांतून एवढीच. तेवढ्यात फोन चार्ज करायचा, पाणी तापवायचं, रात्रीचं शिजवायचं आणि जमेल तेवढं घर गरम करून घ्यायचं, कारण तिथे घरोघरी गॅसची पाईपलाईन नाही, ऐन थंडीत सगळी भिस्त इलेक्ट्रिक हीटरवर नाहीतर लाकडावर. शाळासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या. हे लोडशेडिंग करत होती तिथली सरकारी वीज कंपनी, चेर्नोमोरएनेर्गो, नावाचा अर्थ साधारण काळ्या समुद्राची ऊर्जा. रशियाने वीज तोडली म्हणून हे झालं असं बरेच जण म्हणतात, पण तेवढ्यावर भागत नाही, त्यासाठी पार सोव्हिएत काळात जावं लागतं.

१९६१ मध्ये एन्गुरी नदीवर धरणाचं काम सुरू झालं. कॉकेशसच्या डोंगरातून उतरणारी ही नदी, आणि तिच्यावर जॉर्जियातल्या ज्वारी गावाजवळ २७१.५ मीटर उंचीचं कमानी धरण, जगातल्या सगळ्यात उंच धरणांपैकी एक. पण वीज धरणाच्या पायथ्याशी तयार होतच नाही! पाणी डोंगराच्या पोटातून १५ किलोमीटरच्या बोगद्याने खाली जातं ते अबखाझियाच्या गाली जिल्ह्यातल्या वीजगृहात, तिथे पाच संच, एकूण १३०० मेगावॅट, पहिली वीज १९७८ मध्ये. तिथून सुटलेलं पाणी पुढे वार्दनिलीच्या छोट्या वीजकेंद्रांकडे. तेव्हा अबखाझिया जॉर्जियातच आणि दोन्ही सोव्हिएत संघात, त्यामुळे धरण कुठे आणि टर्बाइन कुठे याचा विचार करायचं कुणाला कारणच नव्हतं.

मग सोव्हिएत संघ फुटला आणि ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जिया आणि अबखाझियात युद्ध पेटलं, ते सप्टेंबर १९९३ पर्यंत चाललं. दोन लाखांच्या वर जॉर्जियन माणसांना अबखाझियातली घरंदारं सोडून पळावं लागलं, यातली बहुतेक कुटुंबं आजही परत जाऊ शकलेली नाहीत. दोन्ही बाजूंमधली रेषा ठरली ती एन्गुरीच्याच आसपास. म्हणजे धरण राहिलं जॉर्जियाकडे, वीजगृह गेलं अबखाझियाकडे आणि बोगदा दोघांच्या मधून. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना म्हणतात ना, अगदी तसं. जॉर्जियाने पाणी अडवलं तर स्वतःच अंधारात, अबखाझियाने मशीन बंद केली तरी तेच.

त्यातून जी वाटणी ठरली ती ६० टक्के वीज जॉर्जियाला आणि ४० टक्के अबखाझियाला. कोणताही मोठा राजकीय करार न होता, तोंडी समजुतीवर हे वर्षानुवर्षं चाललंय, २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशियाने अबखाझियाला देश म्हणून मान्यता दिली तरी चाललं. वीजगृह चालवते जॉर्जियाची सरकारी कंपनी आणि तिची माणसं रेषा ओलांडून कामावर जातात. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या कामगारांचा, नेते एकमेकांचं तोंड बघायला तयार नसताना यांनी मशीन थांबू दिली नाही.

चेर्नोमोरएनेर्गोची खरी दुखरी नस मात्र दराची आहे असं मला वाटतं. वीज वाट्याला आलेली, स्वतः बनवायचा खर्च जवळपास नाही, म्हणून घरगुती दर बरीच वर्षं युनिटला ४० कोपेक, म्हणजे अर्धा रूबलही नाही. एवढ्या स्वस्तात कोण कशाला बचत करेल? आणि कंपनीकडे तरी जुन्या वायरी, सबस्टेशन बदलायला पैसा कुठून येणार. वर या स्वस्त विजेवर क्रिप्टो मायनिंगवाले, म्हणजे भरपूर वीज खाणाऱ्या कॉम्प्युटरवर डिजिटल चलन कमावणारे, तुटून पडले, बंदी आली तरी लपूनछपून मशीन चालूच. वापर वाढत वाढत ४० टक्क्यांच्या पुढे गेला आणि हिवाळ्यात तर एन्गुरीची जवळजवळ सगळीच वीज अबखाझियाला लागायला लागली, त्यात नेमकं हिवाळ्यातच नदीला पाणी कमी, कारण वर सगळा बर्फ. २०२१ च्या सुरुवातीला बोगद्याच्या दुरुस्तीसाठी वीजगृह काही महिने बंद होतं तेव्हा रशियाकडून वीज घेऊन निभावलं.

२०२४ ला तसं निभलं नाही. रशियाने आर्थिक मदत आवरती घेतली, रशियासोबतच्या गुंतवणूक करारावरून नोव्हेंबरमध्ये अबखाझियाच्या राजधानीत, सुखुमीत, लोक संसदेत घुसले, राष्ट्राध्यक्ष अस्लान ब्झानिया यांना राजीनामा द्यावा लागला, आणि इकडे धरणातलं पाणी खाली खाली चाललेलं. बाहेरून विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ते २ तास ३८ मिनिटं. २३ डिसेंबरपासून रशियाने मानवतावादी मदत म्हणून वीज द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे तास वाढले, एन्गुरीला भरपूर पाणी यायला मात्र डोंगरातला बर्फ वितळेपर्यंत थांबावंच लागतं.