विंडोज न पुसता रेड : पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत, तसेच पूर्व भागातील लहान यंत्रमाग उद्योगांत, कचेरीतला एखादा संगणक असा असतो की तो बंद पडला तर दिवसभराचे काम अडते. टॅलीतले मागच्या अनेक वर्षांचे हिशेब, जेकार्डच्या नक्षीचे सॉफ्टवेअर आणि त्याचे डोंगल, मराठी टंक, बिलाच्या प्रिंटरची जमवून घेतलेली मापे हे सगळे त्याच एका डिस्कवर असते. अशा संगणकाला दुसरी डिस्क जोडून दोन्हींवर एकच मजकूर राहील अशी व्यवस्था करायची म्हटली, म्हणजेच रेड १ करायचे म्हटले, की दुरुस्ती करणाराकडून हमखास उत्तर येते : ‘होईल, पण फॉरमॅट मारावा लागेल,’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावी लागेल. मालकाला हिशेबाच्या फायलींची फारशी धास्ती नसते, कारण त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात. धास्ती असते ती सॉफ्टवेअरचे परवाने पुन्हा चालू करून घेण्याची आणि सारी घडी नव्याने बसवण्याची. फॉरमॅटचे हे उत्तर एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. आज ते बहुतेक वेळा खरे नाही, तरी सवयीने दिले जाते.

मूळ कल्पना मात्र घरच्या वा कचेरीच्या संगणकासाठी नव्हतीच. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. मोठ्या यंत्रांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांतल्या स्वस्त, लहान डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि अशा जोडणीला त्यांनी ‘रेड’ म्हटले. त्यातली अडचणही त्यांनीच आकड्यांत दाखवली : एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर तशा १०० डिस्कच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच होणार. म्हणून जादा डिस्कवर प्रत किंवा पडताळणीची माहिती ठेवण्याच्या पाच पातळ्या त्यांनी सांगितल्या. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याची पद्धत त्याआधीच वापरात होती. पहिली पातळी, म्हणजे रेड १, म्हणून तिला या मांडणीत जागा मिळाली.

पुढे अनेक वर्षे रेड हा सर्व्हरचा विषय राहिला. त्यासाठी वेगळे कार्ड असे, त्यावर स्वतःचा प्रोसेसर असे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला मागे किती डिस्क आहेत याची जाणीवही नसे. चित्र बदलले ते २००३-०४ च्या सुमारास, जेव्हा इंटेलने आयसीएच५आर आणि आयसीएच६आर या चिपांतून ही सोय थेट मदरबोर्डवर आणली. सोय स्वस्त झाली, पण तिच्यातले बहुतेक काम चिप करत नव्हती. ते मुख्य प्रोसेसरवर चालणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा भाग ऑपरेटिंग सिस्टिमला वापरता यावा म्हणून असणारा छोटा प्रोग्रॅम, करत होता. जाणकार म्हणूनच तिला ‘फेक रेड’ म्हणतात, आणि हे नाव थोडे कडवट असले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. काम ड्रायव्हरकडे गेल्यामुळे डिस्कची रचना ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या माहितीतली बाब झाली, आणि फॉरमॅटचा प्रश्न येथूनच सुरू झाला.

संगणक सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत जे घडते ते येथे नीट पाहायला हवे. बूट लोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजचा गाभा आणि निवडक ड्रायव्हर मेमरीत उचलून आणतो, तेव्हा तो डिस्क स्वतःच्या बळावर वाचत नसतो. मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, त्याला ती वाचून देतो. त्यानंतर गाभा सूत्रे हाती घेतो आणि त्या क्षणापासून डिस्क वाचायची ती विंडोजच्याच ड्रायव्हरने. तो ड्रायव्हर फाइलरूपाने त्याच डिस्कवर असला, तरी लोडरने आधी उचललेल्यांत नसेल तर त्याच्यापर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. गाभा अर्ध्यावर थांबतो आणि निळ्या पडद्यावर ०एक्स७बी हा क्रमांक येतो. बूट करायची डिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. बायोसमध्ये आयडीई किंवा एएचसीआय या डिस्क चालवण्याच्या साध्या पद्धतींच्या जागी रेड निवडताच असे होते. डिस्कवरचे एकही अक्षर त्यामुळे हललेले नसते. सेटिंग पूर्ववत केले की तीच विंडोज निमूटपणे सुरू होते. हे न तपासता डिस्क पुसून टाकली गेल्याची उदाहरणे मात्र भरपूर आहेत.

विंडोज एक्सपीच्या काळात हा अडथळा खरोखर मोठा होता. एक्सपीत या नव्या कंट्रोलरांचे, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या चिपांचे, ड्रायव्हर मुळात नव्हतेच. विंडोज बसवताना सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, आणि ज्या काळात नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार होत होते त्याच काळात हे करावे लागे. बसवलेल्या विंडोजवर रेड करायचे तर ड्रायव्हरच्या फायली हाताने टाकून रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या, ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’मध्ये कंट्रोलरच्या नोंदी कराव्या लागत. नोंद चुकली तर पुन्हा तोच निळा पडदा. वेगळे कार्ड वापरणाऱ्यांना मार्ग थोडा सोपा होता : जुनी डिस्क जागेवरच ठेवून कार्ड बसवायचे, चालू विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर घालायचा आणि मग डिस्कची केबल कार्डाला जोडायची. तरीही गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना फॉरमॅट मारणेच दुकानदाराला परवडत असे, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आणि २००९ मध्ये विंडोज ७ आली तेव्हा एएचसीआयचा आणि इंटेलच्या रेडचा ड्रायव्हर विंडोजमध्येच अंतर्भूत झालेला होता. फॉरमॅट मारण्याचे कारण निम्मे संपले, निम्मे उरले. विंडोज बसताना जो कंट्रोलर दिसेल तेवढ्याचाच ड्रायव्हर ती बूटसाठी चालू ठेवी आणि बाकीचे बंद करी, म्हणजे सुरू व्हायला वेळ कमी लागे. हे रजिस्ट्रीतल्या ‘स्टार्ट’ नावाच्या एका आकड्यावर ठरे : ० असेल तर ड्रायव्हर बूटबरोबर उचलला जाई, ३ असेल तर मागणीनुसार, ४ असेल तर मुळीच नाही. बायोसमधली निवड बदलण्यापूर्वी तो आकडा ० केला की काम होई, आणि मायक्रोसॉफ्टनेही हाच उपाय प्रसिद्ध केला होता.

२०१२ च्या विंडोज ८ पासून रजिस्ट्रीला हात लावण्याचीही गरज सहसा राहिली नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या मोजक्या सोयींच्या अवस्थेत, सुरू होताना विंडोज बंद ठेवलेल्या अंतर्भूत ड्रायव्हरांनाही संधी देते, समोरच्या कंट्रोलरला लागणारा उचलते आणि पुढच्या बूटसाठी तीच नोंद कायम करते. त्यामुळे एमएसकॉन्फिग या विंडोजमधल्याच प्रोग्रॅमच्या बूट टॅबमध्ये सेफ बूट निवडायचे, संगणक पुन्हा सुरू करतानाच बायोसमध्ये जाऊन रेड निवडायचे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायची आणि मग ती खूण काढून टाकायची, असा क्रम रूढ झाला. बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय चालू असेल तर ती आधी थांबवून ठेवावी लागते, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

एवढ्याने फक्त कंट्रोलर बदलतो. डिस्क अजून एकटीच असते. तिची जोडी लावण्याचे काम चालू विंडोजमधूनच, इंटेलच्या रॅपिड स्टोरेज प्रोग्रॅममध्ये भरलेली डिस्क मूळ म्हणून दाखवून करता येते. येथे एक पाऊल जपून टाकायचे असते : उलट बाजूची डिस्क मूळ म्हणून निवडली तर रिकामीची प्रत भरलेलीवर उतरते. इंटेलची रेडची माहिती डिस्कच्या शेवटच्या भागात लिहिली जात असल्याने सुरुवातीचे विभाग जागचे हलत नाहीत. रेड ०, म्हणजे प्रत न ठेवता मजकूर दोन डिस्कवर वाटून ठेवणे, करायचे असेल तर मात्र सगळा मजकूर दोन्ही डिस्कवर नव्याने विभागावा लागतो. त्याला तासन्‌तास लागतात, आणि एवढ्या वेळात वीज गेली तर काय होईल याचा विचार भारनियमन अनुभवलेल्या सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. आरशाच्या जोडीतही, म्हणजे रेड १ मध्येही, अचानक वीज गेल्यावर दोन्ही डिस्क जुळतात का याची पडताळणी चालते आणि तोवर संगणक मंदावतो, म्हणून यूपीएसशिवाय ही व्यवस्था करू नये.

लिनक्समध्ये हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तेथे एमडीएडीएम या रेड बनवणाऱ्या प्रोग्रॅमने नव्या डिस्कवर अर्धी जोडी बनवता येते, दुसऱ्या जागेवर ‘मिसिंग’ असे लिहून. मजकूर तिच्यावर उतरवून संगणक तिच्यावरून सुरू केला की जुनी डिस्क जोडीत घेता येते.

अलीकडे प्रश्नाची दिशाच फिरली आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची नवी व्यवस्था कारखान्यातूनच चालू असते. त्याचा ड्रायव्हर सोबत दिला नाही तर विंडोज १० च्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, आणि एएचसीआयवरून व्हीएमडीकडे जाताना तो चालू विंडोजमध्ये आधीच भरून ठेवावा लागतो. याउलट विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेकदा रेडवरून एएचसीआयकडे यावे लागते. त्यासाठीही तोच सेफ मोडचा क्रम चालतो, फक्त बायोसमधली निवड उलटी करायची.