उल्का आणि एक हजारांश सेकंद

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला (पर्सिड) उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण आपल्याकडे तेव्हा ढगांखेरीज काही दिसत नाही. महाराष्ट्रातून उल्कांचे फोटो काढायचे तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरावी. आभाळ स्वच्छ, रात्र मोठी, आणि मिथुन राशीतल्या जेमिनिड उल्का भरात आलेल्या. त्यांचा उगमबिंदू, म्हणजे त्या सगळ्या जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती आभाळातली जागा, पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. पुण्याहून पाहिलं तर तो पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि रात्री दोन-अडीचला ७५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. या उल्का बहुतेक वर्षावांसारख्या धूमकेतूच्या नव्हेत. १९८३ साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाची ही धूळ आहे. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर. ययातीच्या उल्का ५९ किलोमीटरने येतात. हा फरक फोटोग्राफरच्या फायद्याचा आहे. का, ते पुढे येईलच.

नवशिक्याची पहिली चूक शटरबाबत होते. तारे अंधूक आले की एक्स्पोजर वाढवायचं, हे गणित ताऱ्यांना लागू पडतं, उल्केला नाही. २४ मिलिमीटरची लेन्स लावलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल आभाळाचा जेमतेम ५० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंदीचा तुकडा पाहतो. उल्का सेकंदाला १५ अंश सरकत असेल तर तो तुकडा ती एक हजारांश सेकंदात ओलांडते. तुम्ही शटर २० सेकंद उघडं ठेवा की ५, त्या पिक्सेलला उल्केचा प्रकाश तेवढाच मिळणार. वाढत राहतो तो फक्त मागच्या आभाळाचा उजेड, आणि त्यात फिकी उल्का बुडून जाते. जेमिनिड संथ असल्याने पिक्सेलवर जरा जास्त रेंगाळतात, म्हणून ययातीपेक्षा ठळक उमटतात.

मग उल्का उजळ करायची कशी? लेन्स बदलून. फोकल अंतराला (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला) एफ-आकड्याच्या वर्गाने भागा; एफ-आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड उघडं. येणारं उत्तर जितकं मोठं तितकी फिकी उल्का पकडता येईल. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८ मिलिमीटर, एफ ३.५ लेन्स घेतली तर उत्तर दीडच्या आसपास येतं. १४ मिलिमीटर, एफ २.८ चं १.८. २४ मिलिमीटर, एफ १.४ चं थेट १२! स्वस्तातली ५० मिलिमीटर, एफ १.८ तर १५ पर्यंत जाते, पण ती आभाळाचा इतका लहान तुकडा दाखवते की बऱ्याच उल्का चौकटीबाहेरून निघून जातात. आमच्या मते २० ते २४ मिलिमीटर आणि एफ २ किंवा त्याहून उघडी लेन्स हा सर्वांत चांगला सौदा. अतिरुंद लेन्सचं कौतुक उल्कांपुरतं तरी जरा जास्तच होतं.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ६४००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), सगळं मॅन्युअल. काळोख्या गावी १५-२० सेकंद, शहराच्या कडेला ८-१०. लांब एक्स्पोजरचा नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नका. तो चालू असला तर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा शटर मिटून बसतो आणि निम्मी रात्र वाया जाते. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद. ठरावीक अंतराने फोटो काढणाऱ्या इंटरव्हलोमीटरवर मध्यंतर चुकवण्यापेक्षा कॅमेरा सलग-शूटिंगवर ठेवून केबल रिमोटचं बटण अडकवून टाकणं सोपं: एक फोटो संपला की लगेच दुसरा. २० सेकंदांच्या हिशेबाने सहा तासांत हजारावर फोटो होतात. फाइल २५ एमबीची धरली तर २५ जीबीहून जास्त. ६४ जीबीचं कार्ड असावं.

फोकससाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधाचा तारा दहापट मोठा करून पाहा. तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टीने ती बांधून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नये.

खरा वैरी दव. वारा पडलेल्या निरभ्र रात्री लेन्सची काच आभाळाकडे उष्णता फेकत आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते आणि मध्यरात्रीनंतर तिच्यावर धुकं धरतं. कोकणात आणि धरणांच्या काठी हा त्रास आणखी लवकर सुरू होतो. फोटोत तारे फुगून त्यांच्याभोवती वलय दिसू लागलं की समजावं. फडक्याने पुसलं तर ओरखडे उमटतात, फोकस हलतो आणि पाच मिनिटांत दव परत येतं. पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळावा, तोही सुरुवातीपासून. गरम झालेल्या लेन्सचा फोकस थोडा सरकतो, म्हणून पट्टा लावून अर्धा तास झाल्यावरच फोकस पक्का करायचा.

कॅमेरा थेट उगमबिंदूवर रोखू नये. तिथल्या उल्का आपल्याकडेच येत असल्याने तोकड्या दिसतात. चाळीसेक अंश बाजूला, क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास, आणि शहराच्या उजेडाकडे पाठ. तारीख ठरवताना पंचांग काढा: शुद्ध पंचमीपर्यंत चंद्र दहाच्या सुमारास मावळतो, पण पौर्णिमेच्या आसपास घरी झोपलेलं बरं. काळोखासाठी नागपूरकरांना पेंच आहे. २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला.

सकाळी फोटो चाळताना निम्म्या ‘उल्का’ उपग्रह निघतात. विमान ठिपक्याठिपक्यांची रेघ सोडतं. उपग्रहाची रेघ सारख्या जाडीची असते आणि पुढच्या फोटोत तिथूनच पुढे चालू होते. उल्का एकाच फोटोत संपते: दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगीर, बरेचदा एका टोकाला हिरवट. रेघ मागे वाढवून पाहा. कॅस्टरकडे पोचली तर जेमिनिड. चकाकून विझणारा उपग्रह मात्र पट्टीच्या माणसालाही फसवतो, म्हणून आधीचा आणि नंतरचा फोटो पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

सगळ्या उल्का एका चित्रात आणायच्या असतील तर फोटोंची सरासरी काढू नका. सरासरीत एकाच फोटोत असलेली उल्का पुसली जाते. आभाळ तासाला १५ अंश फिरतं, म्हणून आधी तारे एकमेकांवर जुळवून मग ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ पिक्सेल ठेवून) उल्का चढवाव्या लागतात. न जुळवता चढवल्या तर त्या एका बिंदूतून निघालेल्या दिसतच नाहीत. असं जोडचित्र कुठे टाकलं तर खाली तसं लिहावं.

ठळक अग्निगोल (फार तेजस्वी उल्का) मिळाला तर पुढचे दहा-बारा फोटो खोडू नका. कधीकधी उल्केमागे फिकट चमकणारा पट्टा उरतो आणि सुमारे ९० किलोमीटरवरच्या वाऱ्याने वेडावाकडा होत जातो. संथ जेमिनिडांत तो क्वचित दिसतो. नोव्हेंबरच्या सिंह राशीतल्या, ७१ किलोमीटरने येणाऱ्या उल्कांमागे पुष्कळदा.